नाशकात राहून शास्त्रीय गाण्यावर पोट भरतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, बी.कॉम. झालेलं, शास्त्रीय गाण्याची गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा पूर्ण. इंदिरानगरात एका सीएच्या ऑफिसात नोकरी आणि दर पंधरवड्याला पुण्याला गुरूंकडे तालीम. नोकरी सोडून पूर्णवेळ गाणं करावं का, त्यासाठी पुण्याला राहायला जावं का, आणि चाळिशीत पस्तावायची वेळ येईल का. घरचे म्हणतात, ‘कार्यक्रमांवर संसार होतो का?’

माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करतो. मी नाशकात पेटीची साथ करतो आणि शिकवतो. आधी उत्तरं, मग कारणं. नोकरी आज सोडू नकोस, तिचे तास कमी करून घे. पुण्याला जायचंच असेल तर तालमीसाठी जा, कार्यक्रम मिळतील म्हणून जाऊ नकोस. नाशकात राहून गाण्यावर जगता येतं, जगणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. पस्तावा मात्र वेगळ्याच दाराने येतो, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

साथीला बसणाऱ्याला एक फायदा असतो. गायक बदलत राहतात, आम्ही तिथेच असतो. पंचविशीत दणदणीत ताना घेणारी मुलं पस्तिशीत कुठे पोचतात आणि त्यातली किती गात राहतात, हे शेजारी बसून दिसतं. गाणं सोडून गेलेले जे लोक मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांना कार्यक्रम मिळत नव्हते असं अजिबात नाही. क्लास सुरू केला, तो चालला. संध्याकाळ भरली, मग सकाळच्याही बॅच झाल्या. रियाज आधी दोन तासांवरून एकावर आला, मग ‘शिकवताना होतोच की’ असं म्हणून संपला. गुरूंकडे जाणं दिवाळी आणि गुरुपौर्णिमेपुरतं उरलं. एक दिवस रेकॉर्डिंग ऐकलं आणि स्वतःचाच आवाज ऐकवेना. हातात पैसा यायला लागला त्याच सुमाराला हे घडतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट. सकाळचा रियाज आणि गुरूंकडची फेरी, या दोन गोष्टी कोणत्याही भावाला विकायच्या नाहीत. बाकीचं वेळापत्रक त्यांच्या भोवती बसवायचं. खाली जे काही लिहिलंय ते या एका अटीवर आहे.

आता कार्यक्रमांचं गणित. तू सीएच्या ऑफिसात आहेस, तुला आवडेल. समज, धुळ्याच्या एका संस्थेने बोलावलं आणि सगळ्यांचे मिळून वीस हजार ठरले. तबलजी साडेचार हजार, पेटीवाला साडेचार हजार, झाले नऊ. गाडी, डिझेल, टोल आणि वाटेतलं जेवण धरून पाच. तानपुऱ्याला बसणाऱ्या दोघींना प्रत्येकी साडेसातशे. राहिले साडेचार हजार. शिवाय संस्थेचा चेक येणार पुढच्या महिन्यात आणि साथीदारांना द्यायचे त्याच रात्री. म्हणजे गाडीचा खर्च धरून साडेपंधरा हजार तुझ्या खिशातून आधी जाणार. आकडे समजण्यापुरते घेतलेत, नाव आणि संस्था बघून ते खालीवर होतात. पण प्रमाण असंच असतं. मुख्य कलाकार म्हणून व्यासपीठाच्या मध्यावर बसलेल्या मुलीच्या हातात शेजारच्या पेटीवाल्याएवढेच पैसे पडले, असं मी कितीदा पाहिलंय. गंमत म्हणजे त्या पेटीवाल्याने ना बॅनरसाठी फोटो काढला होता, ना नवी साडी घेतली होती.

शिवाय हे काम हंगामी. नवरात्रापासून सुरुवात होते, दिवाळीत पाडवा पहाटेला एकाच सकाळी चार ठिकाणांहून विचारणा. नाशकात पिंपळपारापासून ते कॉलनीतल्या गणपती मंदिरापर्यंत सगळीकडे त्या दिवशी गाणं असतं आणि सगळ्यांना तीच एक पहाट हवी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी बरे जातात. मग रामनवमी, आषाढीला अभंगांचे कार्यक्रम, गणपतीत नाट्यगीतं. पितृपक्षात आणि मेच्या उन्हात फोन वाजत नाही. २०२७ चा सिंहस्थ येतोय, तेव्हा गावात मंडप उभे राहतील आणि कामंही येतील. जरूर घे. पण त्या वर्षीची कमाई हीच आपली कमाई धरून पुढच्या वर्षाचे हप्ते ठरवू नकोस.

म्हणून महिन्याचं राशन कार्यक्रमांतून यायला नको. ते शिकवण्यातून येतं, तुझ्या बाबतीत अर्ध्या नोकरीतूनही येईल. कार्यक्रमाचे पैसे आले की ते वेगळ्या खात्यात टाकावेत. तानपुरा, प्रवास, गुरूंकडची फी, आजारपण, सगळं त्यातून. चांगला तानपुरा नसेल तर आधी तोच घे. मिरजेला जा, दुकानात बसून दोन-चार वाजवून बघ, आपल्या स्वराला कुठला बोलतो ते ऐक. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. फोनवरच्या तानपुऱ्यावर वर्षानुवर्षं गायलेल्या मुलांना तार जुळवता येत नाही. जुळवता न येणाऱ्याचं सुराचं काम एका मर्यादेपुढे जात नाही, असं माझं मत आहे. वाद घालणारे घालतील.

शिकवण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आयुष्यातला मोठा वेळ तिथे जाणार आहे. आपल्याकडे शिकवणं म्हणजे हरलेल्या गायकाचा धंदा, असं कुणी म्हणालं तर त्याला विष्णु दिगंबर पलुस्करांची गोष्ट सांग. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यांनी गाणाऱ्यांबरोबर शिकवणारे तयार करायचं मनावर घेतलं होतं. त्यांचे शिष्य बघ. प्रो. देवधरांनी १९२५ साली मुंबईत शाळा काढली, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विद्यापीठात गेले. हे सगळे गाणारे लोक होते आणि शिकवणारेही होते.

त्याच पलुस्करांची दुसरी बाजू नाशिककरांना ठाऊक असावी. मुंबईत त्यांनी विद्यालयाची मोठी इमारत उभी केली, ती कर्जापायी गेली. त्यानंतर ते नाशकात येऊन राहिले, पंचवटीत त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. एवढ्या ताकदीच्या माणसालाही इमारतीचं कर्ज पेललं नाही. आता कॉलेज रोडला गाळा भाड्याने घेऊन, ध्वनिरोधक भिंती करून, ‘अकादमी’ची पाटी लावायचा मोह तुलाही होईल. घरातली एक खोली पुरते. शेजाऱ्यांना आधी पेढे दे, वेळ सांगून ठेव, नऊनंतर तबला लावू नकोस.

विद्यार्थी तीन तऱ्हेचे येतात. पहिली मुलं. त्यांतली बरीच आठवी-नववीत येतात, कारण दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. पालक फोनवर पहिला प्रश्न विचारतात, ‘मध्यमा किती महिन्यांत होईल?’ रागावू नकोस, घे त्यांना. पण दहावीचा शेवटचा पेपर झाला की निम्मी बॅच जाणार हे धरूनच हिशेब कर. त्यांतून एखादा टिकतो, आणि तो टिकला की बाकीच्यांचा शीण निघून जातो.

दुसरी तऱ्हा मोठ्या माणसांची. बँकेतून, ओझरच्या एचएएलमधून, शाळांमधून निवृत्त झालेले, किंवा मुलं मार्गी लागलेल्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका. तरुण शिक्षक यांना टाळतात, गळा वळत नाही म्हणून. मला विचारशील तर क्लासचा कणा हेच लोक. फी एक तारखेला देतात, परीक्षेची घाई नसते, दुपारी अकरा ते एक येऊ शकतात. आणि तुझ्या कार्यक्रमाला पहिल्या दोन रांगा हेच भरतात. यमन हा एकच राग वर्षभर शिकायची त्यांची तयारी असते. मुलांना महिन्यात भूप संपवून दुर्गा हवा असतो.

तिसरी तऱ्हा परदेशातली, ऑनलाइन. इथे सावध राहा. अमेरिकेतल्या मराठी घरांना त्यांची संध्याकाळ हवी असते. कॅलिफोर्नियात संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. म्हणजे ते बरोबर तुझा खर्जाचा, खालच्या सुरांच्या सकाळच्या रियाजाचा वेळ मागतात आणि डॉलरमध्ये मागतात. रियाज सुटण्याबद्दल मी वर जे लिहिलं ते असंच सुरू होतं, एका विद्यार्थ्यापासून. त्यापेक्षा ऑस्ट्रेलिया घे. सिडनीला शाळा सुटून मुलं संध्याकाळी पाचला मोकळी होतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेअकरा-साडेबारा असतात. इंग्लंडची संध्याकाळ आपल्या रात्री नऊच्या पुढे पडते, तेवढी आठवड्यातून एक-दोनदा झेपते. अमेरिका हवीच असेल तर त्यांची शनिवार सकाळ घे, ती आपली शनिवारची संध्याकाळ किंवा रात्र असते.

शिकवताना गळा कसा वापरतेस यावर बरंच अवलंबून आहे. तू काळी चार-पाचला, म्हणजे उंच पट्टीत गात असशील. बॅचमध्ये आवाज फुटलेला मुलगा आला, खालच्या पट्टीतला, काळी एकवाला, आणि त्याला तू त्याच्या पट्टीत चार तास गाऊन दाखवलंस, की दुसऱ्या दिवशी सकाळी षड्ज लागायला अर्धा तास जातो. पट्टीप्रमाणे बॅच लाव. सरगम पेटीवर दाखव, मींड-कणाची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत किंवा स्पर्श करत जायची जागा फक्त गळ्याने दाखव, तीही हलक्या आवाजात. मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवण्यापेक्षा टाळी वाज किंवा गप्प बस. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर काढा-ज्येष्ठमध पुरे करून घशाच्या डॉक्टरांना दाखव, त्यांना दुर्बिणीने स्वरतंतू बघू दे. गायक मंडळी हे लपवतात, कार्यक्रम जातील या भीतीने. गाठी असल्या आणि वेळेवर कळल्या, तर बऱ्याचदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामावर भागतं.

आता तुझ्या नोकरीकडे येतो. नोकरी करणारा तो कच्चा गवई, हे कुणी पसरवलं माहीत नाही. वसंतराव देशपांडे लष्करी हिशेब खात्यात कित्येक वर्षं नोकरीला होते. जितेंद्र अभिषेकीबुवा आकाशवाणीवर कोकणी विभागात होते. प्रभाताई अत्रे आकाशवाणीत होत्या, पुढे एसएनडीटीत संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. यांच्या गाण्याला नोकरीने काय कमी पडलं? नोकरीचा त्रास वेगळाच असतो. जुलैत रिटर्न, मग ऑडिट, दर महिन्याच्या वीस तारखेचा जीएसटी, मार्चचं तर विचारूच नको. नेमक्या हंगामात रात्री नऊपर्यंत ऑफिस. म्हणून साहेबांशी बोलून नोकरी अर्धी करून घे, आठवड्यातले निम्मेच दिवस. पगार कमी होईल. ‘वर्षभर करून बघते’ असं म्हणालीस तर चांगली कामाची मुलगी जाऊ नये म्हणून बहुतेक तयार होतील.

आणि तुझ्याकडे जे आहे ते आमच्या मंडळींत कुणाकडेच नाही. नाशकातल्या निम्म्या कलाकारांना टीडीएस कापला गेला म्हणजे रिटर्न भरून तो परत मागता येतो हेही माहीत नसतं. शास्त्रीय कलेच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे सांगितलं तर संस्थावाले आश्चर्याने बघतात. गायक-वादकांचे रिटर्न, छोट्या संगीत संस्थांचे हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, हे काम तू दुपारी घरी बसून करू शकतेस. चार वर्षांत नोकरीची जागा हेच काम घेईल, शिवाय गावातली प्रत्येक संस्था तुला ओळखेल.

अर्जांवरून आठवलं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयापर्यंत असते, महिना पाच हजार, दोन वर्षं. तू २४ ची आहेस, म्हणजे पुढचा अर्ज निघाला की तोच तुझा. गुरूंकडे किमान पाच वर्षं शिकल्याचं पत्र लागतं, ते आजच मागून ठेव. राज्य सरकारचीही पं. भीमसेन जोशींच्या नावाने शास्त्रीय संगीताची युवा शिष्यवृत्ती आहे. पंचविशीनंतर केंद्राची कनिष्ठ फेलोशिप असते, चाळिशीपर्यंत, महिना दहा हजार. पण ती एखाद्या विषयावरच्या कामासाठी असते, नुसत्या गाण्यासाठी नाही. विषय आधीपासून मनात घोळू दे. विष्णु दिगंबरांची नाशकातली वर्षं हाच एक विषय माझ्या डोळ्यांसमोर आहे, कुणीतरी करायला हवा.

आकाशवाणीची ऑडिशन दे. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. बुकिंग आता पूर्वीसारखी वरचेवर येत नाहीत, त्यातून घर चालणार नाही. पण श्रेणी मिळाली की बाहेरगावच्या संस्थेला तू कोण हे सांगत बसावं लागत नाही. अर्जात रागांची यादी देताना फुशारकी मारू नकोस. यादीतला कुठलाही राग गा म्हणतात. वीस मिनिटं नीट मांडता येतील असेच राग लिही. अनवट नावांनी यादी सजवलेल्या मुलांना ‘बरं, भीमपलास गा’ म्हटल्यावर घाम फुटतो.

पण एकाच दारावर सगळा भार टाकू नये, हे आम्हा पेटीवाल्यांकडून शीक. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ साली कुठे उठायला लागली, तीही अंशतः. कारण काय, तर तिच्यात मींड निघत नाही आणि तिचे स्वर समान अंतराचे. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. तरी एका सरकारी कागदाने एका अख्ख्या पिढीला सगळ्यात मोठ्या यजमानाचं दार बंद झालं. त्याच काळात अप्पा जळगावकर, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर वाजवत होते, कारण मैफल होती, नाटक होतं, शिकवणी होती, भजनी मंडळं होती. तुझ्या पिढीचं रेडिओचं दार म्हणजे फोनवरचे व्हिडिओ. वापर जरूर. मात्र तीस सेकंदांची तान टाकण्यापेक्षा महिन्यातून एक अख्खा राग टाक, वीस मिनिटांचा, न कापलेला. संस्थेचा माणूस बोलवायच्या आधी तोच बघतो. आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग संस्थेने परस्पर चॅनेलवर टाकायचं नाही, हे आधी लेखी ठरव. कायद्याने सादरकर्त्याचाही त्यावर हक्क असतो.

पुणे. तुझ्या मैत्रिणी गेल्यात म्हणून तुलाही वाटतंय, ते कळतं. पुण्यात ऐकायला भरपूर मिळतं, सवाई गंधर्व महोत्सव आहे, बरोबरीची मुलं भेटतात आणि नाशकात हीच खरी उणीव आहे. इथे तुझ्या तोडीचे, तुझं चुकलेलं तोंडावर सांगणारे चार जण शोधावे लागतात. पण पुण्यात तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच विशारद किंवा त्यापुढची अलंकार परीक्षा झालेली, तेवढंच बरं गाणारी शंभर मुलं कार्यक्रमाची वाट बघत आहेत. खोलीचं भाडं द्यायला तीही क्लासच घेतात, फक्त जास्त. मग रियाज कधी? गुरू म्हणाले की ‘दोन वर्षं इथे राहा, रोज बसू’, तर क्षणाचाही विचार करू नकोस, कर्ज सोडून काहीही करून जा. रोजची तालीम आणि पंधरवड्याची तालीम यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिष्य गुरूंच्या घरात वावरतो तेव्हा गुरू दुसऱ्याला काय सांगतात, स्वतः रियाजाला काय घोटतात, तेही कानावर पडतं. असं बोलावणं नसेल तर नाशिकला राहा आणि फेरी पंधरवड्याऐवजी आठवड्याची कर. रविवारी जाऊ नकोस, चाकणला अडकतेस आणि पोचेपर्यंत जीव जातो. मधल्या वारी पहाटेची एसटी घे, वाटेत मागच्या वेळचं रेकॉर्डिंग ऐक.

पुणे विद्यापीठातून एम.ए. करायचं असेल तर कर, ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी तालमीलाही जागा आहे. फक्त एम.ए., नेट आणि मग कॉलेजात कायमची नोकरी, अशी रांग मनात लावू नकोस. जागा मोजक्या निघतात आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं ताटकळलेले लोक मी पाहतो आहे.

मुंबईचं मात्र नाशिककराला जमतं. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जावं, काम करून संध्याकाळी तिनेच यावं. मैफल रात्रीची असेल तर ती गाडी मिळत नाही, मुक्काम किंवा टॅक्सी आली. मानधन ठरवताना हा खर्च आधी सांग, नंतर संकोच वाटतो.

कार्यक्रम मिळतात कसे, हे सांगतो, कारण यावर फारसं कुणी बोलत नाही. सभेचे चिटणीस तबलजीला विचारतात, ‘सध्या कोण बरं गातंय?’ आम्हाला विचारतात. आम्ही ज्यांची नावं घेतो त्या गायकांमध्ये काही गोष्टी सारख्या असतात. पट्टी, राग, ताल आदल्या दिवशी कळवतात. विलंबित एकताल इतका ओढत नाहीत की तबलजी मात्रा मोजत बसेल. पेटीला एक-दोन आवर्तनं मोकळी सोडतात. समेवर चुकलं तर साथीदाराकडे रागाने बघत नाहीत. आणि पाकीट त्याच रात्री देतात, चहा पिऊन झाल्यावर, न मोजता घ्यावं असं. एवढं सांभाळणारी बरी गायिका आणि एवढं न सांभाळणारी फार चांगली गायिका, यांत फोन पहिलीला जातो. अन्याय असेल, पण तसं होतं.

नाशकात त्यासाठी चांगली युक्ती म्हणजे घरगुती बैठक. गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडला एका डॉक्टरांच्या घरी अशी झाली. सोफा गॅलरीत, सतरंज्या घातलेल्या, पंचवीस-तीस माणसं. पंखा बंद केला, कारण माइक नव्हता आणि तानपुरा ऐकू यायला हवा होता. हवा इतकी दमट की माझ्या पेटीची एक पट्टी फुगून बसली होती, ती मध्येच बोटाने वर उचलावी लागत होती. मुलगी तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. पूरिया गायली. तानपुऱ्याची पहिली तार निषादात लावायला तिने बराच वेळ घेतला, लोक कुजबुजायला लागले तरी सोडलं नाही. तार लागल्यावर खोली भरून गेली. मग ती मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादाशी जी बसली ती वर यायलाच तयार नाही. मोठ्या हॉलमध्ये लोक तेवढ्या वेळात मोबाइल काढतात. इथे पुढे बसलेले एक निवृत्त मास्तर डोळे मिटून मान हलवत होते आणि तबलजी ठेका धरून शांत. पाऊण तासाने पहिली तान आली. ताटात जमलेल्या पैशांतून तिने आधी आम्हाला दिलं, उरलं ते रिक्षापुरतं. त्या तबलजीने नंतर एका संस्थेला तिचं नाव सांगितलं, ते त्या पाऊण तासामुळे. समाधान म्हणून लोक जे काही शोधतात, ते या धंद्यात बहुतेक अशाच खोल्यांमध्ये भेटतं. कालिदास नाट्यगृहाच्या मोठ्या रंगमंचावर मॉनिटर नीट लागला तरी नशीब.

अशी बैठक तू स्वतः सुरू कर. महिन्यातून एक, एक गायक किंवा वादक, एकच राग, तासभर. जागा दर वेळी दुसऱ्याच्या घरी. स्वतः वर्षातून दोनदाच गा, बाकी वेळ दुसऱ्यांना गाऊ दे आणि तू तानपुऱ्याला बस. पुण्यात गेल्याने जी बरोबरीची माणसं मिळाली असती, ती अशी इथे जमा होतील.

राहिले घरचे. त्यांची भीती पैशाची आहे आणि लग्नाची आहे, गाण्याशी त्यांचं भांडण नाही. त्यांच्याशी कलेच्या महतीवर वाद घालू नकोस. वर्षभराचा जमाखर्च कागदावर मांड: अर्धा पगार, क्लास, रिटर्नचं काम, कार्यक्रम वेगळ्या रकान्यात आणि सगळ्यात शेवटी. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत उरलेली नोकरी सोडणार नाही, असं कबूल कर आणि आरोग्य विमा स्वतःच्या पैशाने काढ. स्थळ बघताना सकाळी सहा ते आठ दार लावून गाणार आणि आठवड्यातला एक दिवस पुण्याला जाणार, या दोन गोष्टी पहिल्याच भेटीत सांगायच्या, हेही आईला आत्ताच सांगून ठेव. ‘आम्हालाही गाण्याची आवड आहे’ या वाक्यावर जाऊ नका. पलीकडच्या खोलीत रोज खर्ज चालू असताना झोप लागते का, ते विचारा.

साहेबांशी बोलण्याआधी मात्र गुरूंना विचार की आठवड्यातला मधला एखादा वार ते देतील का. कुठला वार मिळतो त्यावर अर्ध्या नोकरीचे दिवस ठरतील, आणि क्लासच्या बॅच त्यानंतर.